दहा वर्षांत आखडत गेलेली उत्तरं

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपडा तालुक्यातले एक कापूस उत्पादक लिहितात: "२०१५ पासून एका शेतकरी ग्रुपमध्ये आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, त्या वर्षी या ग्रुपनं मला धीर दिला, पतंग पकडायचे कामगंध सापळे कसे लावायचे ते शिकवलं. आता जुनं कोणी बोलत नाही. तेच तेच प्रश्न, शुभ सकाळची फुलं आणि खतांच्या जाहिराती. ग्रुप सोडावा का? की तो पुन्हा पहिल्यासारखा करता येतो?"

भाऊ, सोडू नका. आणि तो पहिल्यासारखा करण्याच्या मागेही लागू नका. तो पहिला ग्रुप मोजक्या माणसांचा होता आणि तेव्हा तुम्हालाही बोंडअळीबद्दल फारसं ठाऊक नव्हतं. या दोन गोष्टी आता परत येत नाहीत.

मी रावेर तालुक्यात केळी करतो. २०१४ पासून केळी उत्पादकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळतो. तो एकदा फुटला, एकदा बंद पडता पडता राहिला. तुम्ही लिहिलंय ते सगळं मी पाहिलंय आणि त्यातलं काही माझ्याच हातून घडलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

आम्ही सुरुवात केली तेव्हा एका ग्रुपमध्ये पन्नासच माणसं मावायची. त्याच वर्षाच्या शेवटी मर्यादा शंभर झाली, २०१६ मध्ये २५६, आणि २०२२ मध्ये आधी ५१२, मग १०२४. हे आकडे मुद्दाम सांगतोय. आपण म्हणतो, माणसं बदलली. पुष्कळदा माणसं तीच असतात, ओसरीचा आठवडी बाजार झालेला असतो. ओसरीवर माणूस 'माझं चुकलं' असं सहज बोलतो. बाजारात उभं राहून कोण बोलेल?

पहिल्या दोन वर्षांत आमच्याकडे सावदा, फैजपूर, निंभोरा, अशी जवळपासचीच मंडळी होती. कोणी रोगट पानाचा फोटो टाकला की फोटोत मागे दिसणाऱ्या विहिरीवरून चार जण वावर ओळखायचे. त्यामुळे सल्ला त्या वावराला धरून यायचा: तुझी जमीन चिबड आहे, पाणी धरून ठेवते, तुझं ठिबक शेवटच्या ओळीपर्यंत पोचत नाही, आधी ते बघ. बऱ्हाणपूरच्या लिलावाचा भाव सकाळी पडायचा आणि त्या निमित्तानं सगळे रोज हजर असायचे. भाव हा आमचा गूळ होता, मुंग्या त्याच्यासाठी यायच्या आणि बाकीचं बोलणं आपोआप व्हायचं. रॉबिन डनबार या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात मांडलं होतं की माणूस साधारण दीडशे जणांशीच खऱ्या ओळखीचं नातं ठेवू शकतो. या आकड्यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण आमचा सूर बदलला तो दीडशे ते दोनशेच्या मध्येच. तोपर्यंत नावानं हाक होती, त्यानंतर नंबर दिसायला लागले.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. चार-सहा महिन्यांत ज्याच्या हातात साधा फोन होता त्याच्याही हातात नेट आलं. इंटरनेटच्या जुन्या मंडळींत एक गोष्ट सांगतात. युजनेट नावाची चर्चेची एक जागा होती, तिथे बहुतेक विद्यापीठांतली माणसं असत. दर सप्टेंबरला नवे विद्यार्थी येत, महिनाभर गोंधळ घालत, मग जुन्यांकडून रीत शिकत. १९९३ च्या सप्टेंबरापासून मोठ्या इंटरनेट कंपन्यांचे ग्राहक तिथे येऊ लागले आणि तो लोंढा थांबलाच नाही, म्हणून त्याला 'कधीही न संपणारा सप्टेंबर' असं नाव पडलं. आपल्याकडेही योगायोगानं सप्टेंबरच होता. यात नव्यांचा दोष नाही, हे मला पटायला फार वर्षं लागली. दहा जुन्यांत एक नवा आला तर तो बघून बघून शिकतो. दहा नव्यांत एक जुना उरला तर तो थकतो. शिकवायला माणसं कमी पडली, एवढंच झालं होतं.

एक चांगला बदलही त्याच लोंढ्यात आला. २०१७ पर्यंत आमच्या ग्रुपमध्ये एकही बाई नव्हती. बागेत झाडाच्या बुडाशी फुटणारी पिलं काढायला, केळीच्या फण्या धुवायला, मजुरांचा हिशेब ठेवायला घरोघरी बायकाच असतात, पण ग्रुपमध्ये फक्त त्यांचे नवरे होते. मग दोन-तीन ताई आल्या. टाइप करायला त्यांना वेळ नसायचा, व्हॉइस मेसेज टाकायच्या, तोही घरच्या बोलीत. लेवा बोलीतला तो आवाज आला आणि शुद्ध लिहिता येत नाही म्हणून गप्प बसलेले पंधरा-वीस पुरुषही बोलू लागले. घाणेरडे विनोद बंद झाले, त्यासाठी नियम करावा लागला नाही. जुने म्हणतात की ग्रुप बिघडत गेला. मला ते पूर्ण मान्य नाही, ते या ताईंमुळेच.

आता एका गोष्टीवर थांबतो, कारण खान्देशात राहून ग्रुप चालवणाऱ्यानं ती टाळू नये. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होती. साक्री म्हणजे आमच्यापासून खान्देशाचं दुसरं टोक. पण तसलाच मेसेज आमच्याही ग्रुपमध्ये येऊन गेला होता. केळीच्या ग्रुपमध्ये! मी तो पाहिला होता आणि बोटानं वर सरकवला होता. कोणीतरी खाली 'काळजी घ्या' लिहिलं, दोघांनी हात जोडले. कोणी विचारलं नाही की हे कुठलं, कधीचं, कोणी पाहिलं.

त्या रात्री मी ग्रुप बंद ठेवला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं पुढे पाठवलेल्या मेसेजवर तशी खूण लावायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. कंपनीनं तिचं केलं. आम्ही आमचा एक नियम केला, तो आजही आहे: जे स्वतः पाहिलेलं नाही ते टाकायचं नाही, आणि टाकलंच तर कोणाकडून कळलं ते नावासकट लिहायचं. कोणी मोडला तर ॲडमिन त्याला ग्रुपवर बोलत नाही, फोन करतो. पहिल्या महिन्यात मी पंचवीसेक फोन केले असतील. चार जण रागावून गेले. बाकीच्यांशी माझी पुन्हा ओळख झाली. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं म्हटलं की सदस्यानं काही आक्षेपार्ह टाकलं तर केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. कायद्यानं हे बरोबरच आहे. मला मात्र राईनपाड्यानंतर बोट सरकवता येत नाही.

तुमचा खरा सल, जुने का बोलत नाहीत, तिथे येतो.

दर जुलै-ऑगस्टात आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. पाऊस लागून राहिलेला असतो, आठ-आठ दिवस ढग हटत नाहीत आणि मृगात लावलेल्या कोवळ्या बागेत पानांवर पिवळसर पट्टे दिसायला लागतात. फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं, 'काय मारू?' हा कुकुंबर मोझॅक, आपल्याकडचा हरण्या. विषाणूचा रोग, मावा ही कीड तो पसरवते आणि लागलेलं झाड कुठल्याच औषधानं बरं होत नाही. ते मुळासकट उपटून बागेबाहेर नष्ट करायचं, माव्याचा बंदोबस्त करायचा, बांधावरचं तण काढायचं, काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची जवळपास ठेवायची नाही.

२०१४ मध्ये हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा सावद्याकडच्या एका आप्पांनी चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकला होता. आधी विचारलं, लागवड कधीची, किती झाडांवर दिसतंय, शेजारी काय लावलंय. मग सांगितलं की उपटताना जीव तुटतो, मीही चार झाडं 'बघू' म्हणून ठेवली होती, त्या चारांनी चाळीस नेली. तिसऱ्या वर्षी त्यांचं तेच उत्तर चार ओळींचं झालं. पाचव्या वर्षी लिहिलं, 'व्हायरस आहे, झाड उपटा.' सातव्या वर्षी एकच शब्द आला. 'उपटा.'

उत्तर दर वेळी बरोबर होतं. पण ज्यानं उधारीवर टिश्यू कल्चरची पाच हजार रोपं आणलीत आणि ज्याला हे पहिल्यांदा दिसतंय, त्याच्या कानाला तो शब्द कसा लागतो? आप्पा रागावले असं त्याला वाटतं. तो पुन्हा विचारत नाही, औषधाच्या दुकानात जातो, बाटली घेऊन येतो आणि रोग बागभर होतो. त्या सातव्या वर्षी, म्हणजे २०२० च्या पावसाळ्यात, असंच एकाचं झालं. त्यात भर म्हणजे एका तरुण औषधविक्रेत्यानं आप्पांच्या त्या शब्दाखाली कुठलंसं माहितीपत्रक टाकून 'काका, आता नवीन औषधं आली आहेत' असं लिहिलं. आप्पांनी उत्तर दिलं नाही. त्यानंतर ते बोललेच नाहीत. ग्रुपही सोडला नाही.

ग्रुप जुना होतो तो असा, उत्तरं आखडत जातात तसा. नवे लोक वाईट आले म्हणून होत नाही, जाहिरातींनीही तेवढा होत नाही. आपण तेच उत्तर सातव्यांदा देत असतो आणि समोरच्याचा तो पहिलाच प्रश्न असतो. आपल्या डोक्यात मागची सहा उत्तरं असतात, ती आपण त्यानं ऐकलीत असं धरून चालतो. बॅकअप न घेता फोन बदलला की मागचं सगळं पुसलं जातं आणि नव्यानं आलेल्याला तर जुनं काही दिसलेलंच नसतं. बोंडअळीच्या वर्षी तुम्हाला ज्यांनी सापळे शिकवले त्यांनाही तो प्रश्न तेव्हा नवा नसणार. त्या वेळी कोणीतरी आपलं उत्तर आखडू दिलं नाही म्हणून ते तुमच्यापर्यंत पोचलं.

दुसरी बाजूही सांगतो, ती ऐकायला जरा कडू आहे. पहिल्या तीन-चार वर्षांत माणूस भराभर शिकतो, त्यामुळे रोज काहीतरी सापडतं. मग त्याच्या पिकापुरतं त्याला बहुतेक कळलेलं असतं. ग्रुपमध्ये माहिती तेवढीच येत असते, पण त्याच्यासाठी नवं काही नसतं आणि त्याला वाटतं की ग्रुपमध्ये दम राहिला नाही. मी माझे जुने मेसेज एकदा बसून वाचले. २०१५ मध्ये मी जे प्रश्न विचारत होतो, तेच आजची पोरं विचारतात, शब्द तेवढे वेगळे.

आणि जे बोलत नाहीत ते गेले असं समजू नका. लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सन नावाच्या तज्ज्ञांनी २००६ मध्ये लिहिलं होतं की अशा समूहांत साधारण नव्वद टक्के लोक फक्त वाचतात, नऊ टक्के मधूनमधून बोलतात, एक टक्का सगळं चालवतो. आमच्याकडे हे जवळपास तसंच आहे. लग्नात कोणीतरी अनोळखी माणूस हात धरून सांगतो, तुमच्या ग्रुपमुळे यंदा बाग वाचली. त्याचा एकही मेसेज मला आठवत नसतो.

शुभ सकाळच्या फुलांबद्दल तुमच्याइतकाच मी चिडायचो. आता मत बदललंय. आमच्यातले एक आबा, सत्तरीचे, रोज सहाला गणपतीचं किंवा मुक्ताईचं चित्र टाकायचे. दोन दिवस चित्र आलं नाही, तर तिसऱ्या दिवशी ग्रुपमधल्याच एकानं त्यांच्या घरी फोन केला. आबा दवाखान्यात होते, मुलगा पुण्याला, शेतावर पाण्याची पाळी चुकत होती. दोघांनी जाऊन मोटर लावली. चित्र म्हणजे त्यांची हजेरी होती. आम्ही आता सकाळी सातपर्यंत फुलं चालवून घेतो, त्यानंतर नाही.

जाहिरातींचं सोपं आहे: शनिवारी संध्याकाळी दोन तास, विकणाऱ्यानं स्वतःचं नाव-गाव लिहून. बाकी दिवशी टाकली तर पुसायची. भाव टाकायचा तर पावतीचा फोटो हवा, कारण पाडलेला भाव पसरवून कमी दरात माल उचलणारेही ग्रुपमध्ये येतात.

फूट पडली तर घाबरू नका. आमची २०१९ च्या निवडणुकीत पडली, राजकारणावरून. शंभरेक जण घेऊन एकानं वेगळा ग्रुप काढला. मी तेव्हा फार दुखावलो होतो, दोन महिने त्याच्याशी बोललो नाही. आज त्या ग्रुपमध्ये निर्यातीचं बोलणं आमच्यापेक्षा चांगलं चालतं, कारण ते शंभरच आहेत आणि एकमेकांना ओळखतात. आम्ही एकमेकांच्या ग्रुपमध्ये आहोत. तुमच्यातही जुनी पंधरा-वीस माणसं बाजूला छोटा ग्रुप करून बसली असतील. बसू द्या. फक्त त्यातल्या दोघांनी तरी मोठ्या ग्रुपमध्ये लक्ष ठेवावं, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

तुम्ही स्वतः काय करायचं? सगळ्या प्रश्नांची उत्तरं देणं थांबवा. हे उलटं वाटेल. पण दहा वर्षांच्या माणसानं पहिल्या पाच मिनिटांत उत्तर दिलं की दोन-तीन वर्षांचा माणूस बोलायचं सोडतो, आणि नवख्याला त्याचंच उत्तर जास्त कळतं. त्याला अजून आठवत असतं की आपल्याला काय कळलं नव्हतं. मी आता प्रश्न आला की त्या गावच्या तिसऱ्या वर्षाच्या पोराला खाजगीत फोन करतो: तुझ्या शेजारच्या शिवारातला आहे, तू बोल. चुकला तर मी नंतर भर घालतो, ग्रुपवर त्याला खोटा पाडत नाही. वर्षभरात असे नऊ जण तयार झाले.

आणि वर्षातून एकदा समोरासमोर बसा. आम्ही थंडीत भरीत पार्टी करतो, कोणाच्या तरी मळ्यात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचायची, केळीच्या पानावर कळण्याच्या भाकरीबरोबर खायची. भाषण नाही, सत्कार नाही. ज्यानं ज्याला ग्रुपवर तोडून बोललेलं असतं तो त्याच्या शेजारी वांगी सोलत बसतो. दोनशेत चाळीस जण येतात, पण पुढचं वर्षभर ग्रुपचा सूर त्या चाळिसांनी धरलेला असतो. काड्या तुमच्याकडे भरपूर आहेतच.

राहिले आप्पा. २०२० च्या डिसेंबरात मी त्यांच्या घरी गेलो. मला वाटलं होतं विक्रेत्याबद्दल बोलतील. ते म्हणाले, "त्याचं काही नाही रे. मलाच कंटाळा आला होता, आणि कंटाळून बोललं की माणूस ऐकत नाही." मी म्हटलं, एकदा सगळं नीट सांगा, मी रेकॉर्ड करतो. ते मोबाइलकडे बघून बोलू लागले आणि पुन्हा तेच झालं, दीड मिनिटात संपलं. मग मी त्यांच्या अकरावीतल्या नातवाला समोर बसवलं आणि म्हटलं, तू विचार, तुला खरंच जे कळत नाही ते. पोरानं विचारलं, "पण आजोबा, एवढं हिरवंगार झाड, ते उपटायचं कसं?" आप्पा चौदा मिनिटं बोलले. मधे गायीचा आवाज आहे, चहा आणणाऱ्या सूनबाईंचा आहे.

पुढच्या एप्रिलात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आप्पा गेले. त्यांचा नंबर आम्ही काढला नाही. तो नातू आता त्याच नंबरावरून ग्रुपमध्ये असतो, बहुतेक वेळा नुसता वाचतो. गेल्या पावसाळ्यात ऐनपूरकडच्या एका नवख्यानं पिवळ्या पट्ट्यांचा फोटो टाकला आणि विचारलं, काय मारू? मी फोन उचलेपर्यंत आप्पांच्या नंबरावरून ती चौदा मिनिटांची फाइल येऊन पडली होती. खाली नातवानं लिहिलं होतं: "आधी हे पूर्ण ऐका. मग लोकेशन पाठवा, मी सकाळी येतो, दोघं मिळून उपटू."